बाळासाहेब खेर आणि ठाणे जिल्ह्याची कसोटी

मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाचे १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२ असे दोन वेळा नेतृत्व करणारे बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर यांच्याविषयी मराठीत आदराने पुष्कळ बोलले जाते. लिहिले मात्र त्या मानाने फार थोडे जाते. सज्जन, निःस्पृह, गांधीवादी ही विशेषणे त्यांच्या नावाला इतकी चिकटून बसली आहेत की त्यांच्या आड त्यांचे राजकारण जवळजवळ दिसेनासे झाले आहे. वास्तविक ज्या पिढीने परकीय सत्तेने आखून दिलेल्या राज्यघटनेखाली मंत्रिपदे स्वीकारली आणि तीच सत्ता उखडून टाकण्यासाठी तुरुंगवासही पत्करला, त्या पिढीचा पेच समजून घ्यायचा तर खेरांइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही. हा पेच मुंबईच्या सचिवालयात उभा राहून पाहिला तर तो घटनात्मक वाटतो. ठाणे जिल्ह्यातून, म्हणजे कल्याण, टिटवाळा, मुरबाड, शहापूर, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यातून पाहिला तर त्याचे स्वरूप पार बदलते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या ठिकाणाहून केलेले आहे.

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीत झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती फ्रँक बीमन यांचे सचिव म्हणून काही काळ काम केले आणि १९१८ साली ते सॉलिसिटर झाले. सॉलिसिटर म्हणजे अशिलाची कागदपत्रे, खते, करार यांची जुळवाजुळव करून दावा बॅरिस्टरच्या हाती सोपवणारा कायदेपंडित. न्यायालयात उभा राहून भाषण करणे हे त्याचे काम नव्हे, कागदातील प्रत्येक शब्दाचा अर्थ पक्का करणे हे त्याचे काम. खेरांच्या स्वभावातली सावध, मध्यस्थाची, टोकाला न जाणारी वृत्ती या व्यवसायाशी जुळणारी होती. त्यांची सार्वजनिक कामांची आवडही त्याच वळणाची होती: १९२४ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत गरिबांना कायद्याचे साहाय्य देणारी संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघाच्या महाराष्ट्रातील कामाची धुरा त्यांनी वाहिली. स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे सचिव म्हणून ते राजकारणात आले, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३० आणि १९३२ साली त्यांना शिक्षा झाल्या. इथवरचे चरित्र त्या काळच्या एखाद्या प्रामाणिक काँग्रेस कार्यकर्त्याचे चरित्र आहे, त्याहून फार वेगळे काही त्यात नाही.

वेगळेपण सुरू होते ते १९३७ साली. भारत सरकारच्या १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, म्हणजे प्रांताचे बहुतेक विषय विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांच्या हाती आले. पण गव्हर्नरचे विशेषाधिकार कायम राहिले आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार यांवर प्रांताला बोलण्याचा अधिकार नव्हता. काँग्रेसने या कायद्याचा धिक्कार केला, त्याच कायद्याखाली निवडणूक लढवली आणि मुंबईसह बहुतेक प्रांतांत ती जिंकलीही. त्यानंतर मंत्रिपदे घ्यावीत की नाहीत यावर महिनोन्‌महिने खल झाला, तोवर सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ मुंबईत कारभार पाहत होते. अखेर जुलै १९३७ मध्ये काँग्रेसने सत्ता स्वीकारण्याचे ठरवले आणि खेर प्रांताचे पंतप्रधान झाले. वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवणे बरे: प्रांतिक सरकारच्या प्रमुखाला त्या काळी मुख्यमंत्री म्हणत नसत, पंतप्रधान किंवा मुख्य प्रधान हीच संज्ञा रूढ होती, आणि जुन्या वृत्तपत्रांतून ‘पंतप्रधान खेर’ असा उल्लेख आढळला तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

नेतेपदाची ही निवड वादातीत नव्हती. मुंबई शहरात लोकप्रियतेच्या दृष्टीने खुर्शेद नरिमन यांचे पारडे जड होते, त्यांना डावलल्याचा आरोप सरदार पटेलांवर झाला, चौकशी झाली आणि निर्णय नरिमनांच्या विरुद्ध गेला. त्या चौकशीच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण तिच्यातून खेरांच्या स्थानाविषयी एक महत्त्वाची गोष्ट कळते. मराठी, गुजराती आणि कानडी अशा तीन भाषिक विभागांच्या प्रांतात कोणालाच फारसा न खुपणारा माणूस हवा होता आणि खेर तसे होते. ज्या गुणामुळे ते सत्तेवर आले त्याच गुणाने पुढे त्यांना अडवले, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

पहिल्या मंत्रिमंडळाची सव्वादोन वर्षे कामाने गजबजलेली आहेत. अर्थखाते अण्णा बाबाजी लठ्ठे यांच्याकडे, गृहखाते कन्हैयालाल मुनशींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे आणि शिक्षण स्वतः खेरांकडे होते. बार्डोलीच्या सत्याग्रही शेतकऱ्यांच्या जप्त जमिनी परत करण्याची व्यवस्था झाली, हरिजनांच्या मंदिरप्रवेशाच्या वाटेतील कायद्याच्या अडचणी दूर करणारा कायदा १९३८ मध्ये झाला, कुळकायदा आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये आला, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. दुसऱ्या बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक या सरकारने पुढे जाऊ दिले नाही, आणि कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक मात्र रेटून नेले, ज्याच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मुंबईत मोठा संप केला. खोत म्हणजे कोकणात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा आणि त्या बळावर कुळांवर हुकमत गाजवणारा वतनदार. खेर कोकणातलेच असल्याने त्यांना हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. जमिनीवरच्या माणसाला संरक्षण द्यावे, पण जमिनीवरच्या मालकाला दुखवू नये, ही या सरकारची चाल होती, आणि ठाणे जिल्ह्यात तिची खरी परीक्षा होणार होती.

हा जिल्हा त्या काळी आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोवर वसईपासून मोखाड्यापर्यंतचा सारा मुलूख ठाण्याखालीच मोडत असे, आणि १९६० पूर्वी उंबरगावही त्यातच होते. रेल्वेने जोडलेले ठाणे आणि कल्याण, किनाऱ्यावरची भाताची आणि वाडीची गावे, आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेले जंगल असे त्याचे तीन भाग होते. मुंबईतून १८५३ साली निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला, त्यामुळे हा जिल्हा कायमचा महानगराच्या उंबरठ्यावर राहिला. महानगराने मात्र त्याच्याकडून इमारती लाकूड, कोळसा, तबेल्यांसाठी गवत आणि तानसाचे पाणी एवढेच प्रामुख्याने घेतले. ते गवत कापणारा आणि ते लाकूड तोडणारा माणूस वारली, कातकरी, ठाकूर किंवा कोकणा होता, आणि तो कोणत्या अटींवर राबत होता हे पाहण्याची शहराला कधी गरज वाटली नाही.

या अटींचे वर्णन करणारे शब्द आज विस्मरणात चालले आहेत, म्हणून त्यांचा अर्थ नोंदवणे आवश्यक आहे. ‘वेठ’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर वा घरी मोबदल्याशिवाय करावी लागणारी सक्तीची मजुरी. तिला काळवेळ नसे आणि बोलावणे आले की स्वतःची लावणी टाकून जावे लागे. ‘खावटी’ म्हणजे पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर सावकाराकडून पोटासाठी घेतलेले धान्य, जे सुगीच्या वेळी वाढीसह फेडावे लागे आणि सहसा फिटत नसे. ‘लग्नगडी’ म्हणजे लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलून त्या बदल्यात त्याच्याकडे राबणारा नवरा. बायकोही त्याच्याबरोबर बांधली जाई आणि कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असल्याने सुटकेचा दिवसही त्याच्याच हाती राही. या सर्व व्यवहारांच्या मुळाशी अंगठा उठवलेला कागद होता. कागदातील शब्दावर ज्याची हयात गेली त्या सॉलिसिटरच्या राजवटीत, न वाचता येणाऱ्या कागदाने माणसे गुलाम होत होती, हा विरोधाभास कोणी रचून सांगण्याची गरज नाही. तो दप्तरांतच होता.

सरकारला याची माहिती नव्हती असेही नाही. १९३५ च्या कायद्याने काही आदिवासी प्रदेश ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरवले होते, म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा तिथे आपोआप लागू होत नसे, गव्हर्नरने तसा आदेश काढावा लागे. ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग, या यादीत होते. तेथील स्थितीची पाहणी करण्याचे काम खेर मंत्रिमंडळाच्याच काळात सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले आणि त्याच्या अहवालात जमीनदारांची आणि सावकारांची जुलूमशाही, वेठ, लग्नासाठीची गुलामी यांचे आडपडदा न ठेवता केलेले वर्णन आहे. साम्राज्याच्या नोकरीतला एक इंग्रज अधिकारी जे कागदावर उतरवू शकला ते स्वराज्यवादी मंत्रिमंडळाने अमलात आणावे अशी अपेक्षा स्वाभाविक होती. पण सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि नोव्हेंबरपासून मुंबईत गव्हर्नरची राजवट सुरू झाली. त्याच वर्षी झालेला कुळकायदा सुरुवातीला निवडक जिल्ह्यांपुरताच राहिला. जमीन सलग काही वर्षे कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ ठरवणारा हा कायदा ज्याच्याकडे खंडाची, म्हणजे जमिनीच्या भाड्याची, पावती होती त्याच्या उपयोगाचा होता, आणि वारल्याला पावती देणारा जमीनदार विरळाच.

सत्ता सोडल्यावर खेरांनी जे केले ते त्यांच्या चरित्रातले सर्वांत उजळ पान मानावे लागेल. १९४० साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. शाळा, वसतिगृहे, आश्रमशाळा, दारूपासून परावृत्त करणे असे त्याचे कार्य गांधींच्या रचनात्मक कार्यक्रमाच्या मुशीतले होते. बोर्डी आणि कोसबाड परिसरात आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांनी शिक्षणाचे काम उभे केले होतेच. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राने १९४५ मध्ये बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणात जी क्रांती केली, तीही याच भूमीतली. सत्ता गेल्यावर स्वस्थ बसणारे किंवा सत्तेची वाट पाहणारे मंत्री सर्व काळांत असतात. मुंबई प्रांताचा माजी पंतप्रधान डहाणूच्या मुलांच्या शाळेची काळजी वाहतो, हे दृश्य त्या काळातही नवलाचे होते. या कामाला केवळ दया म्हणून हिणवणे हा टीकाकारांचा उतावीळपणा आहे. सेवेच्या या कल्पनेत एक उणीव मात्र होती: शाळेत येणारा मुलगा ज्या बापाचा होता त्या बापाची वेठ कोणी थांबवायची, याचे उत्तर मंडळाकडे नव्हते.

दरम्यान युद्धाची वर्षे जिल्ह्याने आपल्या पद्धतीने भोगली. खेर स्वतः १९४२ च्या आंदोलनात पकडले गेले आणि जुलै १९४४ पर्यंत तुरुंगात होते. बाहेर १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. माथेरान-नेरळ भागातले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीला ते बळी पडले. त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांनाही तिथेच वीरमरण आले. हे दोन्ही प्रसंग स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात निर्विवादपणे गणले जातात.

तिसऱ्या प्रसंगाविषयी असे म्हणता येत नाही. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणच्या पलीकडे टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले आणि उंबरगावकडच्या काही वारल्यांनी तिथे आपले गाऱ्हाणे मांडले. टिटवाळा मराठी मनाला माहीत आहे ते गणपतीसाठी. ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारीच्या अंताची पहिली जाहीर वाच्यता तिथे झाली, हे अजूनही पुरेसे ठाऊक नाही. त्यानंतर किसान सभेचे कम्युनिस्ट नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य उंबरगाव-डहाणूत गेले, मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असा निश्चय झाला. तो निश्चय आठवड्यांत रानभर पसरला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ पाहता पाहता कोसळली. गोदावरीबाईही खेरांप्रमाणेच कायद्याच्या पदवीधर होत्या आणि भारत सेवक समाजात काम करून आल्या होत्या, म्हणजे दोघांची सामाजिक पार्श्वभूमी एकमेकांपासून फार दूर नव्हती. फरक एवढाच की एकाने आदिवासीला शिकवून मग हक्क मिळतील असे मानले, आणि दुसरीने हक्क मागता मागता तो शिकेल असे मानले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर आदिवासी मारले गेले. त्या वेळी प्रांतावर गव्हर्नरचे राज्य होते, त्यामुळे दोष परकीय सत्तेच्या माथी मारता आला.

पुढच्या वर्षी ती सोय उरली नाही. १९४६ च्या वसंतात खेर पुन्हा पंतप्रधान झाले, गृहखाते मोरारजी देसाईंकडे आले. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी वारल्यांनी संप केला. सरकारने परुळेकर दांपत्याला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले, पोलिसांचा बंदोबस्त वाढवला, आणि जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन आदिवासी मारले गेले. देश स्वतंत्र व्हायला सात महिने उरले होते. कम्युनिस्टांच्या हेतूंविषयी सरकारला संशय होता आणि १९४२ च्या आंदोलनापासून ते दूर राहिल्यामुळे तो काँग्रेसजनांत खोल रुजला होता, हे मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच: सिमिंग्टनचा अहवाल ज्या मंत्रिमंडळाच्या कपाटात होता, ज्याचा प्रमुख आदिवासी सेवा मंडळाचा संस्थापक होता, त्या मंत्रिमंडळाला मजुरीचा संप हा सुव्यवस्थेचा प्रश्न का वाटावा? खेर दुष्ट नव्हते, अजाण तर मुळीच नव्हते. सरकार आपले झाले की त्याच्याविरुद्धची तक्रार परक्यांनी पेटवलेली असणार, ही समजूत त्या पिढीतल्या पुष्कळ चांगल्या माणसांनी उराशी बाळगली होती, आणि खेरांनी ती तपासून पाहिली नाही. चरित्रनायकाविषयी आदर बाळगणाऱ्या वाचकालाही हा निष्कर्ष टाळता येणार नाही.

न्यायाचा काटा समतोल ठेवायचा तर याच कालखंडातली दुसरी कामगिरीही सांगायला हवी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यासाठी कल्याणजवळच्या, युद्धकाळात लष्करासाठी उभारलेल्या छावण्या मोकळ्या करण्यात आल्या. बराकीत पडदे लावून एकेका कुटुंबाने संसार मांडले. १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कल्याण कँप’ हे जुने नाव मात्र वयस्कर लोकांच्या तोंडून अजून ऐकू येते. आज कल्याण-डोंबिवलीपासून अंबरनाथपर्यंत जो सलग नागरी पट्टा दिसतो त्याचा पाया या वसाहतीने आणि तिच्या कारखानदारीने घातला, आणि ती खेरांच्या कारकिर्दीत वसली. १९४८ चा कुळवहिवाट कायदा, १९४९ ची पुणे विद्यापीठाची स्थापना, घटना समितीचे सदस्यत्व, १९५२ ते १९५४ मधील लंडनचे उच्चायुक्तपद, १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद यांचा परामर्श यथाक्रम घेता येईल. त्यांची इथे नुसती नोंद पुरे.

खेरांच्या चरित्राकडे वळणाऱ्या अभ्यासकाला एक विनंती करणे योग्य ठरेल. सचिवालयातील टिपणे आणि विधिमंडळातील भाषणे वाचताना त्याने गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ शेजारी ठेवावे, आणि ते पुस्तक वाचताना आदिवासी सेवा मंडळाच्या कामाकडेही पाहावे. एकाच जंगलात त्याच वर्षांत गेलेल्या या दोन वाटा वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या गेल्यामुळे दोहोंचेही नुकसान झाले आहे. बाळासाहेब खेर यांचे ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात निधन झाले. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेल्या दोन प्रतिनिधींपैकी एक, दहा वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातून हद्दपार केलेले शामराव परुळेकर होते.